प्रवास-मार्गदर्शिकांच्या नकाशातील रिकामी जागा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

प्रवास-मार्गदर्शिका हा वाङ्मयप्रकार इतिहासाच्या अभ्यासकांनी सामान्यतः दुय्यम मानला आहे. बखरी, फर्माने, शिलालेख, महसुली दप्तरे यांच्या तुलनेत प्रवाशाच्या पिशवीत वागवले जाणारे आणि नवी आवृत्ती निघताच रद्दीत जाणारे पुस्तक साधन म्हणून कोणी जपून ठेवत नाही. तथापि एखाद्या काळात कोणता प्रदेश 'पाहण्याजोगा' मानला गेला आणि कोणता गेला नाही, याचा पुरावा जितका मार्गदर्शिकेत सापडतो तितका अन्यत्र क्वचितच सापडतो. मार्गदर्शिका निवड करते. ती ज्या स्थळाचा उल्लेख करते त्याला वाचकाच्या मनात अस्तित्व लाभते आणि ज्याचा करत नाही ते स्थळ प्रवाशापुरते नसल्यासारखेच होते. प्रस्तुत निबंधात या निवडीमागील कारणांचा शोध बीड जिल्ह्याच्या संदर्भात घेतला आहे. मरे, बेडेकर, लोन्ली प्लॅनेट या नामांकित मालिका आणि मराठीतील मार्गदर्शक ग्रंथ यांची तुलना हा त्याचा मार्ग आहे.

स्थानपोथी : मराठीतील जुना वाटाड्या

मार्गदर्शिका ही युरोपची देणगी आहे असा समज रूढ आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. महानुभाव पंथातील मुनिव्यास कोठी यांची 'स्थानपोथी' चौदाव्या शतकातील आहे. श्रीचक्रधरांनी ज्या ज्या स्थळी वास्तव्य केले, भोजन केले, निद्रा केली, त्या स्थळांची ओळख नाहीशी होऊ नये म्हणून ही पोथी सिद्ध झाली. तिची पद्धती पाहण्यासारखी आहे. गाव सांगावयाचे, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ आहे ते सांगावयाचे, देवळाचे दार कोणत्या दिशेस उघडते, दारातून आत गेल्यावर स्थान कोठे, शेजारी दुसरे कोणते देऊळ, हे सर्व इतक्या नेटकेपणाने नोंदवलेले आहे की ज्याने ते गाव कधी पाहिले नाही अशा साधकानेही पोथीच्या आधारे त्या जागी जाऊन नमस्कार करावा. वर्णनाचा फुलोरा नाही, स्तुती नाही. आधुनिक मार्गदर्शिकेकडून जी अपेक्षा केली जाते ती येथे सहाशे वर्षांपूर्वीच पुरी झालेली दिसते. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली ही पोथी यादवकालीन महाराष्ट्राच्या स्थलविज्ञानाचे साधन म्हणून अभ्यासकांना परिचित आहे, परंतु प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात तिला मिळावयास हवे ते स्थान अद्याप मिळालेले नाही.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने या परंपरेला विशेष महत्त्व आहे. गेवराई तालुक्यातील गोदावरीकाठचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ होय. श्रीदत्तात्रेय प्रभू कोल्हापूरला भिक्षा मागतात, पांचाळेश्वरी भोजन करतात आणि माहूरला निद्रा करतात, अशी या पंथाची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी येथे एक मार्ग सूचित झाला आहे, हे लक्षात घ्यावे लागते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यापासून विदर्भाच्या सीमेपर्यंतच्या या मार्गात बीडचा गोदाकाठ मधोमध येतो. ज्या समाजाच्या मनात हा नकाशा होता त्याच्या दृष्टीने हा प्रदेश आडवळणी नव्हता.

हीच गोष्ट वारीची. पैठणहून पंढरपूरकडे जाणारी संत एकनाथांची पालखी जिल्ह्याच्या पश्चिम भागातून पाटोद्याच्या बाजूने जाते आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबेजोगाईवरून पुढे सरकते. कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी अंबेजोगाईस आहे. घाटाखालच्या माणसाला इतक्या दूर येण्यासाठी छापील पुस्तकाची गरज कधी पडली नाही. कुळाचार हीच त्याची मार्गदर्शिका होती, आणि क्षेत्राचा उपाध्याय हा तिचा चालता-बोलता परिशिष्ट.

मरे आणि बेडेकर

लंडनच्या जॉन मरे या प्रकाशन संस्थेने १८३६ मध्ये युरोप खंडावरील आपले पहिले हँडबुक प्रसिद्ध केले. त्याच दशकात जर्मनीत कोब्लेन्झ येथे कार्ल बेडेकर यांनी आपल्या मालिकेस आकार दिला. (हे नाव मराठी कानाला लोणच्याची आठवण करून देते, हा निव्वळ योगायोग.) लाल बांधणी, आटोपशीर आकार, क्रमांक दिलेले मार्ग हे दोहोंचे सामाईक विशेष. उल्लेखनीय स्थळापुढे तारका छापण्याची पद्धत बेडेकरांमुळे रूढ झाली. मरे यांच्या लेखनात इतिहास व कथन यांना अधिक वाव आढळतो, तर बेडेकरांचा भर अचूकतेवर. भारताबाबत मात्र या दोन संस्थांची तुलना एकतर्फी ठरते. मरे यांचे भारतावरील हँडबुक एडवर्ड ईस्टविक यांनी लिहिले व त्याचा पहिला अवतार १८५९ मध्ये आला. पुढे मुंबई, मद्रास, बंगाल, पंजाब असे स्वतंत्र भाग निघाले, नंतर ते एकत्र झाले. १९०१ मध्ये मरे यांनी युरोपविषयक मालिका विकली, तरी भारताचे हँडबुक चालूच राहिले. त्याची बाविसावी आवृत्ती १९७५ मध्ये निघाली. बेडेकरांचा भारतावरील खंड जर्मन भाषेत १९१४ साली आला आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.

या ग्रंथांत माहितीचे एकक 'मार्ग' हे आहे, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हीच बाब निर्णायक ठरते. १८५९ मध्ये हिंदुस्थानात रेल्वे नुकतीच सुरू झालेली होती. त्यामुळे प्रारंभीचा मार्ग म्हणजे सडक, डाकबंगला आणि लष्करी मजल. पुढील चार दशकांत मार्ग या शब्दाचा अर्थ लोहमार्ग असा झाला. बीड जिल्ह्याच्या चहूबाजूंनी याच काळात रूळ पडले. दक्षिणेस ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचली. पश्चिमेस दौंड-मनमाड जोडमार्ग अहमदनगरवरून १८७८ मध्ये पूर्ण झाला. उत्तरेस निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने १९०० च्या सुमारास हैदराबादपर्यंत गेली. आग्नेयेस बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९११ मध्ये लातूरला पोहोचला. यातील एकही मार्ग बीड शहरास स्पर्श करत नव्हता. कालांतराने परळी जंक्शन झाले, पण ते जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. नकाशावर पाहिले असता चारी दिशांनी रुळांनी वेढलेली आणि मध्ये रिकामी अशी ही चौकट दिसते. मार्ग हेच ज्या ग्रंथाचे प्रकरण, त्या ग्रंथात या चौकटीस स्वतंत्र प्रकरण मिळण्याचे कारणच उरले नाही.

हा अज्ञानाचा परिणाम होता असे म्हणता येत नाही, कारण माहिती उपलब्ध होती. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात या भागाचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण केले व त्याचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या लेणीविषयक ग्रंथात अंबेजोगाईच्या ब्राह्मणी लेण्यांची, म्हणजे आज 'हत्तीखाना' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पसमूहाची दखल आहे. सय्यद हुसेन बिलग्रामी व विल्मॉट यांनी १८८३-८४ मध्ये निजामाच्या राज्याचे द्विखंडात्मक वर्णन सिद्ध केले. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये बीड जिल्ह्यावर नोंद आहे. पंडित, प्रशासक आणि सैन्य या तिघांनाही हा प्रदेश ठाऊक होता. किंबहुना अंबेजोगाईस हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. प्रवाशापर्यंत मात्र ही माहिती झिरपली नाही.

नावाचा गुंताही येथे विचारात घ्यावयास हवा. बीड हे नाव इंग्रजी लिखाणात दीर्घकाळ 'भीर' असे लिहिले गेले. १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या गॅझेटिअरवरही तेच रूप आहे. अंबेजोगाई ही कधी अंबा, कधी अंबाजोगाई, तर निजामी अमलात मोमिनाबाद. मार्गदर्शिकेचा उपयोग वाचक सूचीवरून करतो. एकाच गावाची चार नावे असतील आणि सूचीत एकच असेल, तर उरलेल्या तीन नावांनी शोधणाऱ्याच्या लेखी ते गाव ग्रंथात नाहीच. मुकुंदराज आणि दासोपंत यांची समाधिस्थाने ज्या गावी आहेत, ज्या गावच्या तेराव्या शतकातील शिलालेखांत यादव सेनापती खोलेश्वराचा पराक्रम कोरलेला आहे, ते गाव अशा रीतीने सूचीतच हरवू शकते.

लोन्ली प्लॅनेट : वाचक बदलला, नकाशा तोच

टोनी व मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात लोन्ली प्लॅनेट ही संस्था स्थापन केली. जेफ क्राउथर, प्रकाश राज आणि टोनी व्हीलर यांनी लिहिलेला भारतावरील ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. मरे यांचा वाचक गोरा अधिकारी किंवा धनिक पर्यटक होता. व्हीलर यांचा वाचक पाठीवर पिशवी टाकून निघालेला, हातात मोजके पैसे असलेला तरुण. मरे डाकबंगला सांगत, हे नवे लेखक स्वस्त लॉज आणि एस. टी. स्टँड सांगू लागले. भाषा अनौपचारिक झाली. वाचकांनी पत्रे पाठवून चुका कळवाव्यात आणि पुढील आवृत्तीत त्यांची दखल घेतली जावी, ही प्रथा या संस्थेने विशेष जोपासली. हा बदल मोठा आहे, हे मान्य करावयास हवे.

परंतु मराठवाड्यापुरते पाहिले तर फरक फारसा पडलेला नाही. परदेशी मार्गदर्शिकांतील मराठवाडा म्हणजे औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), दौलताबाद, वेरूळ आणि अजिंठा. मरे यांच्या काळातही हाच क्रम होता. वाचकांची पत्रे हे दुरुस्तीचे साधन खरे, पण ते जेथे वाचक जातो तेथपुरतेच चालते. जेथे पुस्तक नेत नाही तेथे वाचक जात नाही, जेथे वाचक जात नाही तेथून पत्र येत नाही, आणि पत्र आले नाही म्हणून पुढील आवृत्तीतही ते गाव येत नाही. दीडशे वर्षे टिकलेल्या या वर्तुळाला कोणा एका लेखकाचा दोष कारणीभूत आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मराठी मार्गदर्शक ग्रंथांची निवड

मराठी लेखकांनी ही उणीव भरून काढली काय? अंशतः काढली. महादेवशास्त्री जोशी यांचा 'तीर्थरूप महाराष्ट्र' हा ग्रंथ क्षेत्रदेवतांच्या मार्गाने जातो. त्यामुळे परळी आणि अंबेजोगाई यांसारखी क्षेत्रे त्याच्या कक्षेतच येतात. गो. नी. दांडेकर यांनी दुर्गभ्रमणाची गोडी लावली. प्र. के. घाणेकर यांचे 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची' आणि आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' यांनी पुढच्या पिढीला हाताशी धरून डोंगरात नेले. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांचा केंद्रबिंदू सह्याद्री आणि वाचक प्रामुख्याने पुणे-मुंबईचा. शनिवारी रात्री निघून रविवारी परत येता येईल अशा अंतरातला महाराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र, अशी एक अलिखित मर्यादा या प्रकारच्या लेखनाला पडली. बालाघाटच्या पठारावरील धारूरचा आदिलशाही किल्ला, धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर, बीडची खजिना विहीर, पाण्याने वेढलेले कंकालेश्वर मंदिर ही स्थळे या अंतराबाहेर राहिली. राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पानिपतानंतर मराठी सत्ता सावरली ती या रणात. तरीही रायगड-प्रतापगडाच्या वाटा तोंडपाठ असलेल्या मराठी पर्यटकाला राक्षसभुवन कोणत्या तालुक्यात आहे हे सांगता येईलच असे नाही.

बाहेरच्या महाराष्ट्राला बीड ठाऊक आहे ते दुष्काळासाठी आणि ऊसतोड मजुरांसाठी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळ्यांचा प्रवास हा या जिल्ह्याचा सर्वांत मोठा प्रवास होय. त्याची मार्गदर्शिका कोणी लिहिलेली नाही.

परळीचा प्रश्न

मार्गदर्शिकेची निवड केवळ पर्यटनापुरती मर्यादित राहत नाही, याचे उदाहरण परळी वैजनाथ हे आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या संस्कृत स्तोत्राचे दोन पाठ प्रचलित आहेत. एका पाठानुसार वैद्यनाथ परळीस आहे. दुसऱ्या पाठातील चिताभूमीचा निर्देश झारखंडमधील देवघरकडे नेला जातो. परंपरेने हा वाद मिटवलेला नाही, दोन्ही ठिकाणी भाविक जातात. अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा पाठभेदाची अडचण त्यांना वाटलेली दिसत नाही. अखिल भारतीय यादी छापणाऱ्या पुस्तकाला मात्र बारा म्हणजे बाराच ओळी छापावयाच्या असतात. तेथे एक नाव घ्यावे लागते आणि एक गाळावे लागते, किंवा तळटीपेत टाकावे लागते. हाच प्रश्न औंढा नागनाथ आणि द्वारकेजवळील नागेश्वर यांचाही आहे. पोथीतील पाठभेद दोन्ही क्षेत्रांना जगू देतो, छापील यादी तसे करू शकत नाही. ज्या गावाची बाजारपेठ, धर्मशाळा आणि श्रावणातील उलाढाल त्या एका ओळीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही तांत्रिक बाब राहत नाही.

रेल्वेची रिकामी चौकट आता मोडू लागली आहे. अहमदनगर-बीड-परळी लोहमार्गास १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्यावरून आष्टीपर्यंत गाडी आली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात पहिली प्रवासी गाडी सुरू झाली. मरे यांच्या पहिल्या भारतविषयक हँडबुकाला तेव्हा १६६ वर्षे झालेली होती. हा मार्ग बीडहून वडवणीमार्गे परळीकडे आखलेला आहे. पांचाळेश्वर आणि राक्षसभुवन त्याच्या उत्तरेस राहतात, धारूर दक्षिणेस. अंबेजोगाई शहरही त्यावर नाही. बर्जेस यांनी ज्या लेण्यांचे वर्णन केले तेथे जाणाऱ्याला यापुढेही परळीस किंवा घाटनांदूरला उतरून सडकेनेच जावे लागणार आहे.