गाडीवरचं बिऱ्हाड



गेल्या दिवाळीत माझा भाचा धुळ्याहून जळगावी आमच्याकडे आला. त्यानं नवी उंच चाकांची मोटार घेतली होती. अशा मोटारीला हल्ली सगळे एसयूव्ही म्हणतात. फराळ होतो न होतो तोच त्यानं मला अंगणात नेलं आणि गाडीच्या टपाकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, इथं तंबू बसवायचा आहे. वरच उघडायचा, शिडी लावून चढायचं आणि आत झोपायचं. बाजारात दहा तऱ्हेचे मिळतात. तुम्ही इतिहास शिकवता, म्हणून तुम्हांला विचारण्यात अर्थ नाही म्हणा. पण कोणता घेऊ?"

मी म्हटलं, "बाबा रे, इतिहास शिकवतो म्हणूनच विचार. आपला खानदेश म्हणजे तंबूंच्या वाटेवरचा मुलूख. इथून जेवढे तंबू गेले तेवढे क्वचितच दुसरीकडून गेले असतील."

त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

उत्तरेतून दक्षिणेत उतरायचं तर सातपुडा ओलांडायचा, आणि सातपुड्याच्या त्या खिंडीवर असीरगड उभा. पलीकडे तापीकाठी बऱ्हाणपूर. आज ते मध्यप्रदेशात आहे. पण फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी तेच. १६०१ साली अकबरानं असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्यानंतर शंभर वर्षं दक्षिणेच्या प्रत्येक मोहिमेची छावणी याच वाटेनं गेली.

ही छावणी म्हणजे काय चीज होती? अकबराचा चिटणीस अबुल फझल यानं 'आईन-इ-अकबरी'त तिचा हिशेबच लिहून ठेवला आहे. बादशहाच्या एका मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू उभारणारे फरास १,०००, जमीन सारखी करणारे बेलदार ५००, पाणी शिंपडणारे भिस्ती १००. शिवाय सुतार, चांभार, मशालजी, झाडूवाले निराळेच. आणि असे संच दोन असत. बादशहा एका तंबूत निजलेला असे तेव्हा दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. सकाळी स्वारी निघाली की संध्याकाळी घर तयार.

माझा भाचा हे ऐकून खूश झाला. "म्हणजे माझ्यासारखंच! गेलो की घर तयार." मी म्हटलं, "तुझ्यासारखंच; पण एक विचार कर. ते ५०० उंट चरत कुठे होते?"

मंडळी, खरा प्रश्न तो आहे. छावणी पुढं गेली की मागं शिवारात काय उरतं, ते शेतकऱ्याला विचारावं. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बऱ्हाणपुरास आला, तो परत उत्तरेत गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. पंचवीस वर्षांतला फार मोठा काळ हा आलमगीर कापडाच्या भिंतींत राहिला. चालतं शहरच ते. पण त्या शहराला दाणावैरण पुरवता पुरवता आजूबाजूची गावं मोडली. याच्या उलट, १६७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. वैरण, लाकूड, भाजी जे काही लागेल ते बाजारातून विकत आणावं, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नये, आणि गवताच्या छावणीत दिवा-विस्तव जपून ठेवावा, अशी ती ताकीद. तंबू कसा असावा हे त्यात नाही. तंबूत राहणाऱ्यानं कसं वागावं हे आहे.

पुढं १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. धुळं हे त्यांचं मुख्य ठाणं झालं. १८२५ मध्ये औट्रम साहेबानं धरणगावला भिल्लांची पलटण उभारली. आपण चाळीसगावहून कन्नडकडे जो घाट चढतो त्याला अजून औट्रम घाट म्हणतात, तो याच साहेबाच्या नावानं. पावसाळा संपला, वाटा सुकल्या की साहेब लोक तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. कचेरी तंबूत, न्याय तंबूत, जेवण तंबूत. यात एक चांगलं होतं, ते नाकारू नये. अंमलदार गावात येई, रयतेचं गाऱ्हाणं त्याच्या कानांवर तरी पडे. पण हे तंबू वाहायला बैलगाड्या कुणाच्या? गावकऱ्यांच्या. ऐन रब्बीच्या पेरणीत गाडी धरून नेत, आणि मोबदला मिळाला तर मिळाला. यालाच आपण वेठ म्हणतो.

आता १८५२ ची गोष्ट ऐका. सावदा, रावेर, चोपडा या भागांत सरकारनं जमिनीची मोजणी सुरू केली. मोजणी झाली की सारा वाढणार, ही धास्ती घरोघर पसरली. कुणबी कामं टाकून एकत्र झाले. मोजणी अंमलदारांच्या तंबूंभोवती मोठा जमाव जमला. लोकांनी त्यांना सांगितलं, मोजणी नको. सरकारनं भिल्लांची पलटण आणि शिपाई आणले, पुढाऱ्यांना पकडलं, आणि दंगा मोडून काढला. मोजणी पुढं चालू झाली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत १८५७ असतं, ते असायलाच हवं. पण त्याच्या पाच वर्षं आधी याच केळीच्या नि कपाशीच्या पट्ट्यात साधा शेतकरी एका तंबूसमोर उभा राहिला होता, हे किती मुलांना ठाऊक आहे?

भाचा गप्प झाला होता. मी म्हटलं, "थांब, गोष्ट संपली नाही. सावद्याच्या अगदी शेजारी फैजपूर आहे."

त्या फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रसभेचं पन्नासावं अधिवेशन भरलं. तोवरची सगळी अधिवेशनं शहरांत झालेली. खेड्यात भरलेलं हे पहिलं. गांधीजींचा आग्रहच तसा होता. पण खेड्यात एवढ्या माणसांना उतरवायचं कुठं? ज्या काळात मंडप म्हटला की शहरातून भाड्यानं कापड आणि खांब येत, त्या काळात इथं ठरलं की आपल्या मुलखात जे मिळतं त्यातच नगर उभारायचं. बांबू, तट्टे, गवत, दोर. म्हात्रे नावाच्या स्थापत्यतज्ज्ञांनी आखणी केली, शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी ती सजवली. त्या नगराला टिळकनगर नाव दिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक मोटारीतून निघाली नाही. बैलांच्या जोड्या जुंपलेल्या सजवलेल्या रथातून निघाली. धनाजी नाना चौधरी, दास्ताने, साने गुरुजी अशी आपली माणसं त्यासाठी खपली.

आणि त्या बांबूच्या छपराखाली ठराव कोणता झाला? शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला. सारा आणि खंड कमी करावा, सरंजामी पट्ट्या आणि वेठ बंद करावी, ही त्यातली कलमं. १८५२ मध्ये तंबूच्या बाहेर उभं राहून जे मागितलं आणि मिळालं नाही, ते चौऱ्याऐंशी वर्षांनी त्याच शिवारात, स्वतः बांधलेल्या छपराखाली बसून मागितलं गेलं. ठराव झाला म्हणजे सगळं मिळालं असं नव्हे. पण आत कोण आणि बाहेर कोण, हे मात्र बदललं होतं.

आता भाच्याच्या तंबूकडे येतो, नाहीतर तो म्हणेल मामांनी तास घेतला.

पहिली गोष्ट वजन. हत्ती-उंट आता नाहीत, सगळा भार एकट्या टपावर. असे तंबू बहुधा पन्नास ते ऐंशी किलोंचे असतात. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालतं हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. त्यातून तंबूखालच्या आडव्या दांड्यांचं वजन वजा करावं, आणि उरेल त्यात तंबू बसवावा. गाडी उभी असताना टप त्याहून पुष्कळ अधिक भार सोसतो, म्हणून आत माणसं निजू शकतात. पण औट्रम घाटाच्या वळणावर उंचावरचं ओझं गाडीला बाहेर ओढतं, हे विसरू नये. कडबा भरलेली गाडी उतारावर कशी कलते हे गाडीवानाला विचारा.

दुसरी गोष्ट कापड. कडक कवचाचा तंबू झटकन उघडतो, पण जड आणि महाग. घडीचा मऊ तंबू हलका आणि ऐसपैस, पण उघडायला-मिटायला वेळ घेतो. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. निव्वळ प्लास्टिकच्या धाग्याचं कापड रात्रीसुद्धा कोंडतं. सुताचं मिश्रण असलेलं जाड कापड हवा खेळू देतं. मात्र ओलं मिटलं तर त्यावर बुरशी चढते. समोरासमोर खिडक्या हव्यातच.

तिसरी गोष्ट जागा. गौताळा-औट्रमघाट असो की यावलचं रान असो, तिथं वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. शेतात उतरायचं तर मालकाला विचारावं, बांध मोडू नये, चूल पेटवली तर विझवून निघावं. महाराजांच्या त्या पत्रातलं शहाणपण अजून जुनं झालेलं नाही.

भाच्यानं मऊ, हलका तंबू घेतला आणि नाताळच्या सुटीत रावेर तालुक्यातल्या पाल गावाकडे निघाला. पालजवळ पाल ठोकणार म्हणून आम्ही त्याची थट्टा केली. तिथल्या एका शेतकऱ्यानं त्याला शेताच्या कडेला जागा दिली. शेतात ज्वारी राखायचा माळा उभा होता, चार मेढी आणि वर तट्ट्या. म्हातारबाबांनी मोटारीवरचा तंबू नीट निरखून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे माळाच की हो हा! आम्ही वर चढतो ते जागायला. तुम्ही झोपायला चढता, एवढाच फरक." भाचा सांगत होता, त्या रात्री तो बराच वेळ जागा होता.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करतो. साहेबाचा तळ पूर्वी कुठं पडत असे, त्या जागेची आठवण कित्येक गावांतल्या म्हाताऱ्यांना असते. कुठं आमराई असते, कुठं विहीर असते. मुलांना तिथं घेऊन जा. गाड्या कुणाच्या धरल्या, वैरण कुणी दिली, हे आजोबा-पणजोबांकडून आलेलं जे काही घरात सांगितलं जातं ते मुलांकडून वहीत उतरवून घ्या. बादशहाच्या उंटांची मोजदाद कुणीतरी करून ठेवली. आपल्या बैलगाड्यांची अजून व्हायची आहे.