हिंदुस्थानची वाट आणि चालणाऱ्याचे हाल

प्रवासवर्णन हा मुक्कामाला पोहोचलेल्या माणसाचा उद्योग आहे. पाय धुऊन, पोटभर जेवून, चार माणसांत बसून तो बोलू लागतो तोवर तळपायाचे फोड सुकलेले असतात आणि वाटेत ज्याच्याशी भांडण झाले त्या सोबत्याचे नावही विसरलेले असते. त्यामुळे घाट आठवतात, देवळे आठवतात, नद्यांचे संगम आठवतात. मधले कोस मात्र गळून जातात. वस्तुतः पायी प्रवासात मुक्काम थोडे आणि कोसच फार. पुण्याहून इंदुरावरून ग्वाल्हेर आजच्या रस्त्याने सुमारे अकराशे किलोमीटर भरते. रोज पंचवीस किलोमीटर तोडले तरी चव्वेचाळीस दिवस झाले. त्यांत एकादशीचा, आजारपणाचा, पावसाचा किंवा नदीच्या उताराचा खोळंबा धरलेला नाही. या चव्वेचाळीस दिवसांपैकी सांगण्याजोगे किती असतील? फार तर चार. उरलेल्या चाळीस दिवसांचा इतिहास कोणी लिहीत नाही, आणि मला कुतूहल आहे ते त्यांचेच.

हे कुतूहल थोडेफार भागवणारा एक ग्रंथ मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे घरातील कर्जाला कंटाळून 1857 च्या आरंभी काका रामभटांबरोबर उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी वार्ता होती. यज्ञ राहिला बाजूला आणि भटजी सापडले बंडाच्या धुमाळीत. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी असा फेरा करून ते घरी परतले. हा वृत्तांत त्यांनी पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून 1883 च्या सुमारास लिहिला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला तो भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ लिखाणाबरहुकूम ‘माझा प्रवास’ वाचायला मिळाला तो दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये संपादित केला तेव्हा.

पाव शतकाने केवळ स्मरणावर लिहिलेल्या या साक्षीत तिथ्या चुकल्या आहेत आणि ऐकीव गोष्टी डोळ्यांदेखतच्या म्हणून शिरल्या आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य आहे. परंतु न्यायालयात वर्षानुवर्षे साक्षी ऐकणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. साक्षीदार मोठ्या प्रसंगाविषयी बोलतो तेव्हा त्यात त्याने इतरांकडून ऐकलेले मिसळते. पण त्या दिवशी पायात काय रुतले, पाणी कोठे मिळाले नाही, कमरेच्या कशातील रुपये कोणी काढून घेतले, हे तो उगाच रचत नाही. रचून त्याला लाभ काय? राणीच्या दरबाराचे वर्णन करणारे गोडसेभटजी आणि स्वतःच्या हालांची हकीकत सांगणारे गोडसेभटजी असे दोन साक्षीदार मानले, तर मी दुसऱ्यावर अधिक विश्वास ठेवीन.

या हालांत पहिला मान पायांचा. कोकणातला माणूस मऊ लाल मातीतून अनवाणी चालण्यास सरावलेला. घाट चढून देशावर आला की काळ्या जमिनीच्या भेगाळ ढेकळांशी आणि पुढे सातपुड्यातील खडकाशी त्याची गाठ. वहाण नवी असेल तर ती चावते, जुनी असेल तर तुटते, आणि तुटते ती नेमकी चांभार नसलेल्या गावी. टाचेला भेगा पडल्या की गोव्या-कोकणाकडचे लोक कोकमाचे तेल, आपले भिरंडेल, वितळवून त्यात भरतात. त्याचा गोळा गाठोड्यात असला तर ठीक. तो संपल्यावर माळव्यात भिरंडेल कोठून आणणार? पण पायांचे दुःख आठ-दहा दिवसांत बोथट होते. कातडे जाड होते आणि माणूस चालू लागतो. खरे दुखणे पुढेच आहे.

ते दुखणे म्हणजे चूल. चालणे संपले म्हणजे दिवस संपला असे आपल्याला वाटते. जुन्या वाटसरूचा अर्धा दिवस तेथून सुरू होई. विशेषतः सोवळे पाळणाऱ्याचा. मुक्कामाला पोहोचल्यावर पाणवठा शोधायचा, तो कोणाचा आहे याची चौकशी करायची, स्नान करायचे, ओले धोतर वाळेपर्यंत थांबायचे किंवा ओलेत्यानेच तीन दगड मांडायचे, शेणी-काटक्या मिळवायच्या आणि वारा अडवून फुंकत बसायचे. भात शिजेपर्यंत रात्र. पावसात तर सरपण ओले, धोतर ओले आणि दगडही ओले. दुधात भिजवलेल्या दशम्या किंवा सातूचे पीठ ही सोय मुळात या त्रासातून निघालेली. ब्राह्मणाने कोणाच्या हातचे खायचे नाही आणि ज्याच्या हातचे खायचे नाही त्याच्याच दारी शिधा मागायचा, हा व्यवहार पायांच्या फोडांपेक्षा मनाला अधिक काचत असला पाहिजे. निदान ज्याच्या दारी मागितले त्याच्या मनाला तरी. ही गोष्ट शंभर वर्षांनीही सुटली नव्हती. इरावती कर्वे आळंदीहून पंढरपूरला वारीबरोबर चालल्या. ‘परिपूर्ती’ या 1949 च्या संग्रहातील त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांना सलले ते ऊन नव्हे की चिखल नव्हे. एका दिंडीत एक अभंग म्हणत चालणारी ब्राह्मण आणि मराठा माणसे जेवायला मात्र वेगळी बसत, हे सलले. अडीचशे किलोमीटरच्या त्या वाटेवरचा सर्वांत अप्रिय भाग त्यांनी अचूक हेरला, असे मला वाटते.

मग सोबत. एकट्याने चालावे तर भय, सोबतीने चालावे तर संशय. ठगांचा सारा धंदा उभा होता तो वाटसरूच्या एकटेपणावर. गोड बोलून सोबत करायची, चार मुक्काम विश्वास मिळवायचा आणि मग रुमाल टाकायचा. कंपनी सरकारने 1836 चा तिसावा कायदा केला. ठगांच्या टोळीत कधीही, कायद्यापूर्वीसुद्धा, सामील असल्याचे सिद्ध झाले तरी जन्मठेप, अशी त्यात तरतूद होती. पूर्वलक्षी शिक्षेचा हा नमुना कोणाही कायदेपंडिताला खटकावा असा आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ठग गेले तरी त्यांनी शिकवलेला अविश्वास राहिला. धर्मशाळेत शेजारी पथारी टाकलेल्या मनुष्याशी गोड बोलावे आणि कमरेचा कसा हाताखाली घेऊन जागे राहावे, ही रात्र वाटसरूच्या वाट्याला नेहमीची.

या रात्रींचे सर्वांत प्रामाणिक वर्णन मला कोणत्याही प्रवासवर्णनात नव्हे, तर एका कायद्यात सापडले. 1867 चा सराईंचा कायदा, क्रमांक बावीस. त्याच्या सातव्या कलमात सराई चालवणाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. सराईत कोणी सांसर्गिक रोगाने आजारी पडला किंवा मेला, तर ताबडतोब पोलीस ठाण्यास कळवावे. खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि पाण्याच्या विहिरी-टाक्या स्वच्छ राखाव्यात. उपद्रवी झाडोरा काढून टाकावा. तसेच चोरांना आत येण्यास वा बाहेर पडण्यास उपयोगी पडतील अशी झाडे आणि फांद्या तोडाव्यात. भिंती, कुंपणे, दारे दुरुस्त ठेवावीत. पहारेकरी नेमावेत. दरांचा तक्ता लावावा. कायदा नसलेल्या गोष्टीची मनाई करीत नाही. तेव्हा हे कलम उलटे करून वाचावे, म्हणजे दहा वर्षांपूर्वी गोडसेभटजी आणि रामभट कसल्या जागी निजले असतील ते दिसते: शेजारी पटकीने तळमळणारा माणूस, विहिरीत घाण, भिंतीला खिंडार, अंगणात झाड आणि त्याच्या फांदीवर चोर. त्या फांदीचा उल्लेख करणाऱ्या मसुदेकाराला मी मनोमन दाद देतो. त्याने कोणा वाटसरूचे गाऱ्हाणे खरोखर ऐकलेले दिसते.

नद्यांविषयी ग्वाल्हेरच्या वाचकांना मी काय सांगावे! 1760 च्या मार्चमध्ये परतूडहून निघालेली भाऊसाहेबांची फौज जूनमध्ये चंबळ उतरली आणि पुढे गंभीर नदीच्या पुराने अडून बसली. एवढ्या सरंजामाच्या फौजेची ही गत, तर खांद्यावर पडशी टाकलेल्या भटजींची काय कथा. नावाड्याने मागेल ते द्यावे किंवा पूर ओसरण्याची वाट पाहावी. वाट पाहताना शिधा संपतो, आणि शिधा संपल्यावर नावाड्याचा दर वाढतो.

गोडसेभटजींच्या बाबतीत या सर्वांवर बंडाची भर पडली. 1858 च्या एप्रिलमध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. घरात शिरलेल्या सोजिरांनी जवळची पुंजी काढून घेतली आणि जीव वाचला. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई धुळीने माखून, तहानेने व्याकुळ होऊन आलेली त्यांना भेटली. भटजी पाणी काढून देऊ लागले तर ब्राह्मणाला ते कष्ट न देता तिने दोर-मडके घेऊन स्वतः पाणी शेंदले. हा प्रसंग लोकांना पाठ आहे, तो राणीसाठी. मला त्यात वाटेवरच्या माणसाचे बिऱ्हाड दिसते. दोर आणि मडके जवळ बाळगल्यावाचून पाऊल टाकायचे नाही. गावची विहीर असली तरी पोहरा आपल्यासाठी ठेवलेला नसतो. सोजिरांनी रुपये नेले, दोर-मडके बहुधा कोणी नेत नसे, आणि तहानेच्या वेळी राणीच्याही कामी आले ते तेच.

मिळवलेली दक्षिणा अशी पुन्हा पुन्हा लुटली गेल्यावर माणूस रिकाम्या हाताने सरळ घरी आला असता, तर कोणी दोष दिला नसता. गोडसेभटजींनी काशीहून गंगोदकाची कावड खांद्यावर घेतली. बांबूच्या दोन टोकांना दोन भार, आणि रिवाज असा की कावड जमिनीला टेकू द्यायची नाही. म्हणजे आधीचे सर्व हाल होतेच, शिवाय विसावा घेण्यापूर्वी कावड टांगायला झाड किंवा खुंटी शोधायची. ज्याने कधी दोन बादल्या जिन्यावरून वर नेल्या आहेत त्याला खांद्याचे हे दुखणे थोडे कळेल. मग त्याने जिन्याऐवजी काशी ते वरसई हे अंतर कल्पावे.

मुंबई ते ठाणे आगगाडी 1853 मध्ये धावली. बोरघाट तिने 1863 मध्ये ओलांडला आणि 1870 मध्ये जबलपुरावरून मुंबई-कलकत्ता जोडली गेली. सराईंचा कायदा झाला तेव्हाच सराईत उतरणारा मनुष्य डब्यात बसू लागला होता. तरी गरिबाची पायपीट संपली नाही. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी 1899 मध्ये घर सोडून निघाले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले आणि 1902 मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळात गेले. काठमांडूच्या खोऱ्यात त्या काळी मोटाररस्ता नव्हता. तो 1956 मध्ये झाला. भीमफेदीपासून चंद्रगिरीपर्यंत घाट पायांनीच चढायचे, आणि श्रीमंतांच्या मोटारीसुद्धा हमालांच्या खांद्यावरून वर जात. इतके करून खोऱ्यात पोहोचल्यावर तेथील बौद्ध धर्माची स्थिती पाहून कोसंबींची निराशा झाली. ‘निवेदना’त त्यांनी ती लपवलेली नाही. वाट संपल्यावर हाती काही न लागणे, हा हाल गोडसेभटजींच्या यादीत थोडा वेगळ्या रूपाने आहेच.

घरचे कर्ज फेडण्यासाठी ते निघाले होते. वरसईस पोहोचले तेव्हा द्रव्य उरले नव्हते, पाणी होते. त्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातले.