टॉवर गेला, पण काम गेलं नाही!

मंडळी, आपल्या नरडाण्यात नेटचा नि लाइटचा भरवसा किती, ते मी सांगायला नको. आता समजा, गावातल्या एखाद्या पोरानं घरूनच पुण्या-मुंबईच्या सर्व्हरवर तीन तासांचं काम लावलं आणि अडीच तासांनी टॉवर गेला. काम राहिलं की गेलं?

साधी कमांड दिली असेल तर बहुतेक वेळा गेलं. याचं कारण पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलं, म्हणजे टेलिफोन कंपनीच्याच प्रयोगशाळेत. लांबचा माणूस फोनच्या तारेवरून मशीनशी जोडला जायचा. तार तुटली की मशीन त्याच्या सगळ्या प्रोग्रामना एक इशारा द्यायचं, नाव ‘हँगअप’. रिसीव्हर ठेवला, आता आवरा! तारा गेल्या, लिनक्स आलं, पण तो इशारा त्याच नावानं अजून आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. त्यातलं स्वस्त खातं ‘शेल’चं. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत लोकल कॉल, बाकीच्यांनी एसटीडी लावायची. मध्येच लाइन कटली की पुन्हा पहिल्यापासून, आणि एसटीडीचं बिल वेगळं. खान्देशातल्या माणसाला हे दुखणं नवं नाही.

गंमत म्हणजे त्यावरचा उपाय आठ वर्षं आधीच निघाला होता. १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. युक्ती अशी, की काम तुमच्या तारेला बांधायचंच नाही. सर्व्हरवरच एक खोटा पडदा उभा करायचा, काम त्याच्यासमोर चालवायचं, तुम्ही फक्त येऊन डोकावायचं.

शेतातल्या मोटारीवरून सांगतो. लाइट गेली की मोटार बंद, आली की ऑटो पुन्हा चालू करतो. स्क्रीनचं तसं नाही. इथं मोटार बंदच पडत नाही, कारण ती पुण्याच्या लाइटवर आहे. आपल्या घरचा फक्त बघायचा दिवा विझतो.

२००७ साली निकोलस मॅरियटनं ‘टीमक्स’ आणलं, आज जास्त चालतं तेच. दोन्ही फुकट. सर्व्हरवर शिरल्यावर आधी टीमक्स चालू करायचं, मग काम लावायचं. कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की तुम्ही बाहेर, काम आत चालू. परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच’. संपलं. एकाच पडद्याच्या चार खिडक्याही होतात, पण आपल्यासाठी खरी किंमत या परत येण्यालाच आहे.

हे एवढं का लिहितोय? पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं, १९९१ ला परम ८००० उभा राहिला. २०१८ ला पाषाणच्या आयआयटीएममध्ये हवामानासाठी ‘प्रत्यूष’ आला. पावसाच्या अंदाजाचं गणित अशाच मशीनवर चालतं. त्यांच्यावर काम करणारा शेजारी खुर्ची टाकून बसत नाही, लांबूनच कमांड देतो. मग तो नरडाण्यातून का देऊ शकत नाही? ‘नेट नाही म्हणून गाव सोडलं’ या कारणातलं अर्धं वजन हा छोटा प्रोग्राम कमी करतो. उरलेल्या अर्ध्यासाठी चांगलं नेट मागायचंच, ते सोडायचं नाही. आपल्या भागातल्या कॉलेजांनी लिनक्सच्या प्रॅक्टिकलला एकदा तरी मुद्दाम वायर काढून दाखवावी, असं मला वाटतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सर्व्हरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर टीमक्सही वाचवत नाही, म्हणून मधलं काम फाइलीत जपून ठेवा. आणि तासावर भाड्यानं घेतलेला सर्व्हर असेल तर काम झाल्यावर तो स्वतः बंद करा. तुमचा टॉवर गेला म्हणून त्याचं मीटर थांबत नाही.