कंबर दुखते, पायात कळ जाते: सायकल चालवावी की थांबवावी?

कंबर दुखते आहे, कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जाते आहे आणि रोजचे जाणे-येणे मात्र सायकलवर आहे. नांदेड-लातूर भागात हा प्रश्न शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्यांना पडतो, मोंढ्यात कामाला जाणाऱ्या हमालांना पडतो, पाठीवर जड दप्तर घेऊन क्लासला जाणाऱ्या मुलांना पडतो आणि व्यायाम म्हणून सकाळी सायकल काढणाऱ्या निवृत्त मंडळींनाही पडतो. घरचे म्हणतात, "काही दिवस पडून राहा." शेजारी म्हणतात, "सायकल चालव, नस मोकळी होईल." हे दोन्ही सल्ले काहींच्या बाबतीत बरोबर असतात आणि काहींच्या बाबतीत चूक.

याचे कारण असे की 'पायात कळ येणे' हे एका आजाराचे नाव नाही. एका प्रकारात पुढे वाकले की त्रास वाढतो, तर दुसऱ्या प्रकारात पुढे वाकले की आराम पडतो. सायकलवर आपण थोडेफार पुढे वाकूनच बसतो. म्हणून पुढे वाकल्यावर तुमचे दुखणे वाढते की कमी होते, हे नीट पाहा. सायकलचा निर्णय बराचसा त्यावरच ठरतो.

आधी हे पाहा: या लक्षणांत सायकल नाही, दवाखाना

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचे प्रयोग करू नका.

• लघवी अडकणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे. मणक्यातील नसांचा पूर्ण जुडगा दबल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचा, गरज पडल्यास १०८ ला फोन करा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.
• पायातली ताकद कमी होणे. पाऊल उचलले जात नाही, चालताना चप्पल निसटते, पायरीला अंगठा अडखळतो.
• संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन कमी होणे आणि रात्री झोपल्यावरही न थांबणारी पाठदुखी. आपल्याकडे अशा वेळी मणक्याचा क्षयरोग आहे का, हे तपासावेच लागते. क्षयरोगाची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.
• पडल्यानंतर किंवा गाडीचा जोराचा दणका बसल्यानंतर सुरू झालेले दुखणे. उतारवयातील स्त्रिया आणि बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेले रुग्ण यांच्यात साध्या दणक्यानेही मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकते.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे.

ताकद घरी तपासण्याची सोपी रीत आहे. भिंतीचा आधार हाताशी ठेवून दहा पावले टाचांवर चाला, मग दहा पावले चवड्यांवर. एका पायाने हे जमत नसेल तर संबंधित नस दुखण्यापलीकडे कमजोर झालेली असू शकते. अशा पायाने रहदारीत सायकल चालवू नका. अचानक ब्रेक लावून पाय टेकवायची वेळ आली, तर तोच पाय दगा देईल.

तुमचे दुखणे यांपैकी कोणते?

१. उसण भरलेली कंबर. पोते उचलताना किंवा वाकून काम करताना चमक भरते. दुखणे कमरेत आणि फार तर कुल्ल्यापर्यंत असते, गुडघ्याखाली जात नाही. यात बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत हालचाल सुसह्य होते आणि सपाट रस्त्यावर थोडी सायकल चालते.

२. गादी सरकून नस दबणे. यालाच लोक सायटिका म्हणतात. दोन मणक्यांमधली गादी मागच्या बाजूला फुगते किंवा फाटते आणि पायाकडे जाणाऱ्या नसेला त्रास देते. बहुतेकदा हे कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्यांमध्ये होते. साधारण तिशी ते पन्नाशीत हे जास्त दिसते. खुर्चीत बसल्यावर, बूट घालायला वाकल्यावर, खोकल्यावर किंवा शिंकल्यावर कळ पायात उतरते. उभे राहिल्यावर किंवा थोडे चालल्यावर बरे वाटते. अशा रुग्णाला सुरुवातीच्या दिवसांत वाकून बसायची सायकल सहसा त्रास देते.

३. मणक्याची नळी अरुंद होणे. हे साधारण साठीच्या पुढे दिसते. थोडे अंतर चालले की दोन्ही पाय भरून येतात, जड होतात, मुंग्या येतात. नुसते उभे राहून आराम पडत नाही. ओट्यावर बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. बाजारात रिकाम्या हाताने चालता येत नाही, पण हातगाडीवर वाकून ढकलत चालता येते. कारण पुढे वाकल्यावर नळी थोडी मोकळी होते. असे रुग्ण सांगतात, "दोनशे पावले चालवत नाही, पण सायकलवर दोन किलोमीटर जातो." हे खोटे नसते. यांना सायकल हा बहुधा चांगला व्यायाम ठरतो.

४. पायाचा रक्तपुरवठा कमी असणे. तंबाखू, विडी किंवा सिगारेट, मधुमेह, रक्तदाब असलेल्यांत हे दिसते. चालताना पोटरीत गोळा येतो आणि नुसते जागेवर उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत जातो. सायकलवर वाकून बसले तरी पायडल मारताना दुखतेच. पाऊल थंड पडणे, जखम न भरणे या खुणा असतील तर मणक्याऐवजी आधी पायाच्या नाडीची तपासणी करून घ्या.

तिसरा आणि चौथा प्रकार ओळखायला सायकलचाच उपयोग झालेला आहे. १९७७ मध्ये डिक आणि डॉयल या डॉक्टरांनी 'सायकल चाचणी' वैद्यकीय नियतकालिकात मांडली. रुग्णाला जागेवरच्या सायकलवर ताठ बसवून पायडल मारायला लावायचे. पायात दुखू लागले की पुढे वाकायला सांगायचे. वाकल्यावर दुखणे थांबून तो पायडल मारत राहिला, तर अडचण मणक्याच्या नळीत असण्याची शक्यता जास्त. वाकूनही दुखतच राहिले, तर रक्तवाहिनीचा विचार करायचा. ही चाचणी शंभर टक्के खात्रीची नाही, पण त्यामागचा विचार तुमच्या निर्णयालाही उपयोगी पडतो.

'मणक्यात गॅप' आहे, म्हणून सायकल बंद?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गादी फुगल्याचे वाचून अनेक जण आयुष्यभरासाठी सायकल विकून टाकतात. तशी गरज नसते. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत किमान एक गादी फुगलेली दिसली. वय वाढते तशी गादी सुकते आणि बारीक होते, जसे केस पांढरे होतात. रिपोर्ट तुमच्या लक्षणांशी आणि तपासणीशी जुळतो का, हे महत्त्वाचे. नुसत्या रिपोर्टवरून सायकल बंद करू नका आणि नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशनही ठरवू नका.

पडून राहण्याचा सल्लाही जुना झाला आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील १८३ सायटिका रुग्णांच्या अभ्यासात दोन आठवडे अंथरुणात काढलेल्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झालेला दिसला नाही. फार कळ असेल तर एक-दोन दिवस आराम ठीक आहे. त्यानंतर झेपेल तेवढी हालचाल सुरू ठेवावी.

सायकल चालवून पाहायची तर अशी पाहा

धोक्याची लक्षणे नसतील, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येत असेल आणि १० मिनिटे खुर्चीत बसवत असेल, तर छोटा प्रयोग करता येतो.

• पहिल्या दिवशी सपाट रस्त्यावर, ओझ्याशिवाय, फक्त १० मिनिटे. जिममधली किंवा घरातली जागेवरची सायकल मिळाली तर अधिक चांगले.
• कळ कोणत्या दिशेने सरकते ते पाहा. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कमरेत अशी वर सरकत असेल तर ते चांगले लक्षण आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ कमरेतून खाली पावलाकडे उतरत असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून घरी या.
• खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. दुखणे होते तेवढेच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी ५ मिनिटे वाढवा. वाढलेले असेल तर आठवडाभर थांबा, तोवर सपाट जागी चाला, मग पुन्हा १० मिनिटांपासून सुरुवात करा.
• दोनदा प्रयत्न करूनही कळ खालीच उतरत असेल, तर सध्या सायकल तुमच्यासाठी नाही. सध्या नाही म्हणजे कायमची नाही, असे नव्हे. गादीमुळे झालेली बहुतेक सायटिका ऑपरेशनशिवाय, साधारण ६ ते १२ आठवड्यांत बरीच कमी होते.

सायकलमध्ये हे बदल करा

सीटची उंची: पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. सीट उंच असेल तर प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवीकडे डोलते. सीट फार खाली असेल तर पाठीला पोक येतो.

हँडल: गादीचा त्रास असेल तर हँडल सीटपेक्षा थोडे उंच हवे, म्हणजे पाठ सरळ राहते. जुनी उभ्या हँडलची काळी सायकल इथे रेसिंग सायकलपेक्षा बरी. नळी अरुंद असलेल्यांना थोडे वाकून बसणे सोयीचे वाटेल.

चढणे-उतरणे: कॅरिअरवरून पाय टाकताना कमरेला पीळ बसतो आणि अनेकांना नेमकी तेव्हाच चमक येते. सायकल आपल्याकडे तिरकी करून पाय टाका, किंवा काही दिवस बिनदांडीची लेडीज सायकल वापरा. पायऱ्यांवरून सायकल उचलू नका.

सीटचा बधिरपणा: अरुंद सीटवर बराच वेळ बसल्यास बसण्याची जागा बधिर होते. उतरल्यावर काही मिनिटांत संवेदना परत आली तर दोष सीटचा. ती परत आली नाही किंवा लघवीची तक्रार असेल, तर वर सांगितलेली धोक्याची खूण समजा.

रस्ता, ओझे आणि ऊन

खड्ड्यांतला प्रत्येक दणका थेट मणक्यावर येतो. थोडा लांबचा पण चांगला रस्ता निवडा, खड्डा दिसला की वेग कमी करा, चाकांत हवा दगडासारखी टणक ठेवू नका. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर चाक रुतते आणि सायकल ढकलावी लागते. दुखत असताना ती वाट टाळा. लातूरच्या बाजूला बालाघाटच्या पठारावर चढ लागतात. चढावर उतरून चालण्यात कमीपणा नाही.

ओझे हा सायकलपेक्षा मोठा शत्रू आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना सायकलला कॅन लावून पाणी वाहणे नवीन नाही. भरलेला २० लिटरचा कॅन २० किलोपेक्षा जड असतो आणि तो वाकून उचलून कॅरिअरवर चढवताना कमरेला चालवण्यापेक्षा जास्त ताण पडतो. दुखत असताना हे काम दुसऱ्याला द्या, किंवा कॅन अर्धाच भरा. दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा.

उन्हाळ्यात नांदेडचा पारा ४० अंशांपुढे जातो. अंगातले पाणी कमी असताना डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर किडनीवर ताण येतो. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल तर हा धोका वाढतो. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून, दुखणे दाबून सायकल चालवू नका. गोळीच्या जोरावर कळ जाणवत नाही आणि थांबायची वेळही कळत नाही. नसांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन या गोळ्यांनी आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांनी गुंगी येऊ शकते. ती सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले काही दिवस रहदारीत सायकल किंवा मोटारसायकल चालवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

धोक्याची लक्षणे नसली तरी पायातली कळ आठवडाभरात कमी होत नसेल, रात्रीची झोप मोडत असेल किंवा बधिरपणा वाढत असेल तर तपासून घ्या. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे हाडांच्या विभागाची ओपीडी आहे. जाताना तीन गोष्टी सांगायच्या ठेवा: बसल्यावर काय होते, चालल्यावर काय होते आणि सायकलवर काय होते. या तीन उत्तरांतून डॉक्टरांना पुष्कळ काही कळते.

थोडक्यात

बसल्याने आणि वाकल्याने कळ पायात उतरत असेल तर काही आठवडे सायकल थांबवा आणि चाला. चालल्याने पाय भरून येत असतील व वाकल्याने आराम पडत असेल तर सायकल बहुधा तुमच्या फायद्याची. पायडल मारताना पोटरीत गोळा येत असेल तर रक्तपुरवठा तपासा. पाय लुळा पडत असेल किंवा लघवीची तक्रार असेल तर सायकलचा विचार सोडा आणि आजच रुग्णालयात जा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या उपचारांचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.