गाठ न होणारा कर्करोग

न्यूझीलंडमधील एका माओरी घराण्यात सुमारे ३० वर्षांत २५हून अधिक माणसे जठराच्या कर्करोगाने दगावली. काही तर ऐन तारुण्यात. हा शाप असावा, असेही बोलले जाई. अखेर घराण्यानेच संशोधकांना गाठले. शोधाचे श्रेय एरवी प्रयोगशाळेला जाते; येथे पहिले पाऊल रुग्णांच्या आप्तांचे होते.

फिनलंडच्या पेक्का लाउरेन यांनी १९६५ मध्ये या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार वेगळे केले. एकात पेशी ग्रंथींसारख्या रचनेत जमतात, दुसऱ्यात सुट्या सुट्या पसरतात. घराण्याला ग्रासणारा हा दुसरा. त्यात बहुधा गाठ होत नाही. वरचे अस्तर निरोगी भासते आणि भिंत आतून जाड, ताठर होत जाते. दुर्बिणीच्या तपासणीतूनही तो निसटतो. लक्षणे उमटेपर्यंत बहुतेकदा वेळ गेलेली असते.

१९९८ मध्ये ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांना सीडीएच-१ या जनुकातील दोष सापडला. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन याच जनुकावरून घडते. कोडे सुटले, पण उपाय कठोर निघाला: दोष वारशाने आलेल्यांनी धडधाकट असतानाच अख्खे जठर काढून घ्यायचे. अशा जठरांत सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा कर्करोगाची बारीक बेटे आधीच आढळली.