जुनाट आजार आणि जामखेडचा धडा

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) आग्नेय टोकाला बीडच्या सीमेलगत जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा आरंभीचा प्रयत्न फारसा फळला नाही. त्यानंतर गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्याचा मार्ग पत्करण्यात आला. त्यांतील अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतल्यावर तेच ज्ञान शेजारणींना सांगत. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरोग्यसाक्षरता म्हणजे आरोग्यविषयक माहिती मिळविण्याची, ती समजून घेण्याची आणि तिच्या आधारे निर्णय करण्याची क्षमता. लिहिता-वाचता येणे हा तिचा एक भाग झाला. पदवीधर माणूसही या बाबतीत कोरा असू शकतो. जामखेडच्या सेविकांनी हे कुष्ठरोगाच्या बाबतीत दाखवून दिले. ज्या रोगाला लोक दैवी कोप समजत, त्याचा बधिर चट्टा लवकर ओळखता येतो आणि औषधाने तो रोग बरा होतो, हे गावकऱ्यांना त्यांच्याच बोलीत कळले. रुग्णांना गावाबाहेर काढण्याची रीत मोडण्यास त्यामुळे बळ मिळाले.

आज या तालुक्यापुढे, किंबहुना साऱ्या जिल्ह्यापुढे, मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे आव्हान आहे. हिवताप अंगाला थरथर आणून आपली ओळख देतो. रक्तदाब मात्र वर्षानुवर्षे काहीच सांगत नाही. १४०/९० च्या वर राहणारा दाब मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांना निमूटपणे इजा करीत असतो. 'डोके दुखत नाही, मग गोळी कशाला?' हा रुग्णाचा प्रश्न त्याच्या दृष्टीने तर्कशुद्धच असतो. 'एकदा गोळी सुरू केली की सवय लागते' हा समजही फार पसरलेला आहे. वास्तविक, गोळीने दाब ताब्यात राहतो आणि ती थांबविली की तो पुन्हा चढतो. याला सवय म्हणत नाहीत. क्षयरोगाचेही तसेच. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि सहा महिन्यांचा नेहमीचा उपचार अर्ध्यावर सुटतो. उरलेले जंतू मग औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

दक्षिण नगर भागात ही अडचण अधिक बिकट होते. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेड, शेवगाव या तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने फडावर काढणाऱ्या मधुमेही मजुराजवळ ओळखीचा दवाखाना नसतो. जवळ असते ते केवळ त्याला ठाऊक असलेले ज्ञान. इन्शुलिन उन्हात तापू द्यायचे नाही, शीतकपाट नसेल तर पाणी आत जाणार नाही अशा डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवायचे. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवण चुकले आणि घाम, थरथर, भोवळ आली तर लगेच साखर खायची. रोज रात्री पाय न्याहाळायचे, कारण बधिर झालेल्या तळव्याला कोयत्याची किंवा पाचटाची जखम जाणवत नाही. अशा जखमेकडे वेळेवर लक्ष न गेल्यास पुढे पाय कापावा लागू शकतो. निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या आणि औषधांची नावे लिहिलेला कागद सोबत घेणे, ही साधी गोष्टही कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

आहाराचा सल्ला तर बहुधा परक्या ताटासाठीच दिलेला असतो. 'मीठ कमी करा' असे सांगून भागत नाही; ठेचा, लोणचे आणि पापड यांतले मीठ मोजले जाते, हे सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. साखर सोडून गूळ खाल्ला तर चालतो, हाही असाच एक गैरसमज. मिश्रीही तंबाखूच आहे, हे अनेक स्त्रियांना कोणी सांगितलेलेच नसते.

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' गावोगाव पोचल्या. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह-रक्तदाबासाठी प्राथमिक छाननी आता त्यांच्या कामात आहे. अर्ज भरून होतात, पण समजावून सांगण्यास वेळ उरत नाही. रुग्णाला 'समजले का?' असे विचारले की तो मान डोलावतोच. त्याऐवजी 'घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, ते मला सांगा' असे म्हटले की कोठे गफलत आहे ते तत्काळ कळते. न वाचता येणाऱ्यासाठी औषधाच्या पुडीवर उगवता, माथ्यावरचा आणि मावळता सूर्य काढून दिला, तर वेळ चुकण्याचे कारण उरत नाही. त्यासाठी लागते ती एक पेन्सिल आणि दोन मिनिटे.