कारभारी कोणाला जबाबदार?



'जबाबदार राज्यपद्धती' हा शब्दप्रयोग आज आपल्या तोंडी फारसा राहिलेला नाही. परंतु आपल्या नांदेड-लातूर भागातील वडीलधाऱ्या पिढीने त्यासाठी तुरुंगवास पत्करला होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळची मागणी आज ऐकली तर फार सौम्य वाटेल. निजामाला गादीवरून खाली ओढा असे कोणी म्हणत नव्हते. निजामाच्या छत्राखाली का होईना, पण राज्यकारभार जबाबदार असावा, एवढेच म्हणणे होते. तेवढेही सरकारला मानवले नाही.

सरकारला ते का मानवले नाही, याचा विचार केला म्हणजे आजच्या विषयाचे मर्म हाती येते. कारभारी जबाबदार असावा, हे तर कोणताही राजा मान्य करील. प्रश्न असा, की जबाबदार कोणाला? ज्याने नेमले त्याला, की सभागृहाला, की थेट मतदाराला? जगातल्या राज्यपद्धतींचे भांडण बहुतेक या एका प्रश्नावर आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व हमालांच्या सभांत अधिक झाले. तेव्हा पंडिताची भाषा सोडून, आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास समोर ठेवूनच मी हा प्रश्न मांडणार आहे.

प्रथम राजाने नेमलेला कारभारी पाहू. हैदराबादचा दिवाण निजाम नेमी आणि निजामच काढी. पहिल्या सालारजंगाने १८५३ पासून १८८३ पर्यंत तीस वर्षे दिवाणगिरी केली. महसुलाची घडी बसवली, जिल्हे आखले, खात्यांना वळण लावले. माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. पुढे सर अकबर हैदरी आले, सर मिर्झा इस्माईल आले, आणि अखेरीस मीर लायक अली आले. यांतला कोणी शहाणा होता, कोणी नव्हता; परंतु देगलूरच्या विणकराला किंवा औशाच्या कुळाला यांपैकी एकालाही जाब विचारण्याची सोय नव्हती. १९३७ साली सुधारणा सुचवण्यासाठी अरवमुदू अय्यंगार समिती नेमली गेली आणि १९३९ साली सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत व्यवसायवार प्रतिनिधित्वाची योजना होती. पण सभागृह कसेही भरले तरी दिवाण त्याला बांधलेला नव्हता. चांगला कारभारी मिळणे हे रयतेचे नशीब होते, तो तिचा हक्क नव्हता.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि निजामी सत्ता संपली. म्हणून दुसऱ्याच दिवशी लोकांचे राज्य आले, असे मात्र झाले नाही. प्रथम जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी गव्हर्नर झाले. नंतर १९५० च्या २६ जानेवारीपासून मुख्यमंत्रिपदावर आले ते वेल्लोडी, एक सनदी अधिकारी. दोघेही दिल्लीने नेमलेले. स्वातंत्र्य आले होते. जबाबदार राज्यपद्धती यायला आणखी काही वर्षे जावी लागली. ती १९५२ साली आली. प्रौढ मतदानाने १७५ जणांची विधानसभा निवडली गेली. तीत काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या, आणि कम्युनिस्टांच्या पुढाकाराने लढलेल्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटने ४२ जागा घेतल्या. मार्चमध्ये बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. सभागृहाने विश्वास काढून घेतला तर ज्याला घरी जावे लागेल असा कारभारी या भूमीने त्या दिवशी प्रथम पाहिला.

ही झाली दुसरी रीत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला, तरी रीत तीच राहिली. या रीतीत आपल्या दोन जिल्ह्यांचा मोठा मान आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ आणि पुन्हा १९८६ ते १९८८ मुख्यमंत्री होते. निलंग्याचे शिवाजीराव पाटील १९८५ च्या जूनपासून सुमारे नऊ महिने होते. बाभळगावचे विलासराव देशमुख १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८, आणि नांदेडचे अशोकराव चव्हाण २००८ ते २०१०. दोन जिल्ह्यांतून चार मुख्यमंत्री!

आता एक साधा प्रश्न विचारतो. या चौघांपैकी कोणाला महाराष्ट्राच्या मतदाराने 'मुख्यमंत्री' म्हणून मत दिले? कोणालाही नाही. मत आमदाराला दिले गेले. १९८४ साली नांदेडकरांनी शंकररावांना लोकसभेत पाठवले होते, आणि १९८६ साली ते दिल्लीचे मंत्रिपद सोडून मुंबईला मुख्यमंत्री म्हणून आले. २००४ साली राष्ट्रवादी काँग्रेसला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचा झाला, कारण दोन पक्षांत तसे ठरले. यात बेकायदेशीर काहीच नाही. राज्यघटनेची रीतच अशी आहे. पण रीत कशी चालते हे मतदाराला माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरी रीत पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागेल. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे एक चिमुकले राज्य आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४३ हजार भरली. आपल्या नांदेड जिल्ह्याची २०११ साली ३३ लाखांच्या वर होती. म्हणजे जिल्ह्याचा पाचवा हिस्सा एवढे ते राज्य! पण तेथील मतदार दर दोन वर्षांनी सहा कारभारी सबंध राज्यातून थेट निवडतो. गव्हर्नर, उपगव्हर्नर, खजिनदार, राज्याचा चिटणीस, महाधिवक्ता आणि हिशेब तपासनीस. प्रत्येकाला वेगळे मत. १८७० पर्यंत तर गव्हर्नरची निवडणूक दर वर्षी होत असे. इंग्रजांच्या राजाने नेमलेले गव्हर्नर ज्यांनी सोसले, त्यांना कारभाऱ्याला लांब मुदत देण्याची धास्ती वाटली, हे समजण्यासारखे आहे.

या वेगवेगळ्या मतांचा परिणाम काय होतो? २०२२ साली तेथे गव्हर्नर फिल स्कॉट हे रिपब्लिकन पक्षाचे निवडून आले, आणि त्याच मतदारांनी उरलेल्या पाचही जागा विरुद्ध बाजूच्या माणसांना दिल्या. एकाच कचेरीत असे भिन्न पक्षांचे लोक बसतात, आणि राज्य बुडत नाही. शिवाय तेथे एक मौजेचा नियम आहे. गव्हर्नर, उपगव्हर्नर व खजिनदार या पदांसाठी कोणालाच निम्म्याहून अधिक मते पडली नाहीत, तर निवड विधिमंडळ करते. २०२४ च्या निवडणुकीत उपगव्हर्नरपदाचे तसेच झाले, आणि २०२५ च्या जानेवारीत विधिमंडळाने जॉन रॉजर्स यांना निवडले. म्हणजे थेट निवडणुकीच्या माहेरघरीही सभागृहाची वाट अगदी बंद केलेली नाही.

आपल्याकडे ही तिसरी रीत नाही असे समजू नका. आहे, पण ती खालच्या पायरीवर आहे, आणि तिची कहाणी काही फारशी अभिमानाची नाही. १९७४ साली महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडले. नंतर ते बंद झाले. २००१ साली पुन्हा थेट निवडणूक आली, २००६ साली गेली. २०१६ साली नगराध्यक्षाची आणि २०१७ साली सरपंचाची निवड थेट झाली. २०२० साली दोन्ही रद्द. २०२२ साली दोन्ही पुन्हा सुरू. २०२५ च्या डिसेंबरात गावोगावच्या नगरपालिकांचे अध्यक्ष लोकांनीच निवडले. उदगीर, निलंगा, देगलूर, कंधार येथील नागरिक आपला नगराध्यक्ष स्वतः निवडतात. नांदेड आणि लातूर येथे मात्र अनुक्रमे १९९७ आणि २०११ पासून महानगरपालिका आहे, म्हणून तेथील महापौर नगरसेवक निवडतात, आणि कारभाराची खरी सूत्रे शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. शहर मोठे झाले आणि नागरिकाचे मत एका पायरीने मागे सरकले!

हा खेळ कसा शक्य होतो? त्याचे कारण राज्यघटनेतच आहे. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांनीच निवडला पाहिजे असे घटना सांगते. तेथे राज्य सरकारला हात लावता येत नाही. पण गावचा सरपंच आणि शहराचा अध्यक्ष कसा निवडायचा, हे ठरवण्याचे काम घटनेने राज्याच्या विधिमंडळाकडे सोपवले आहे. त्यामुळे ज्या पक्षाला गल्लीतले नगरसेवक जमवणे सोपे जाते तो एक नियम करतो, आणि ज्याला एका लोकप्रिय चेहऱ्यावर मते मिळवणे सोपे जाते तो दुसरा नियम करतो. व्हरमाँटमध्ये हे असे चालत नाही. तेथे गव्हर्नरच्या निवडीची रीत घटनेत लिहिलेली आहे. ती बदलायची तर लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी संमती द्यावी लागते आणि मग लोकांचे मत घ्यावे लागते. आज सत्तेवर आलेल्याला आजच्या सोयीने नियम फिरवता येत नाही.

कोणी मला विचारील, मग तुमचा कौल कोणत्या रीतीला? थेट निवडीत तोटे आहेत. सरपंच एका गटाचा आणि पंच दुसऱ्या गटाचे, म्हणजे पाच वर्षे पाण्याची टाकी अर्धवट. पैसेवाल्याला एकाच पदासाठी सारा जोर लावता येतो. सभागृहाच्या रीतीत तोटे निराळे. सदस्यांची पळवापळवी, सहलीच्या गाड्या, आणि अविश्वासाची टांगती तलवार. सबंध महाराष्ट्राएवढ्या प्रदेशात मुख्यमंत्री थेट निवडावा असे मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या मुलखात एका माणसाला मिळालेली कोट्यवधी मते त्याला सभागृहाच्या डोक्यावर बसवतील. गावात आणि लहान शहरात मात्र लोक माणसाला ओळखतात, त्याच्या दारात जाऊन विचारू शकतात. तेथे निवड त्यांचीच असावी. आणि जी रीत ठरेल ती दर दोन-चार वर्षांनी बदलू नये. खेळ सुरू असताना अंगणाची आखणी बदलणारा पंच कोणालाच नको असतो.

परंतु व्हरमाँटकडून घेण्याजोगा सर्वांत मोठा धडा मला गव्हर्नरच्या खुर्चीत दिसत नाही. तो हिशेब तपासनिसाच्या खुर्चीत दिसतो. जो पैसा खर्च करतो त्याने हिशेब तपासणारा नेमू नये, तो लोकांनी वेगळा निवडावा, हा साधा विचार त्या लहान राज्याने कागदावर उतरवून अमलात आणला. आम्ही कामगार संघटनेत हेच पाहतो. आडतबाजारातला हमाल अध्यक्षाच्या निवडीच्या वेळी पुष्कळदा मान डोलावून मोकळा होतो. पण वर्गणीचा हिशेब वाचायला घेतला की मागच्या रांगेतला माणूस उठून उभा राहतो. त्याला लिहिता येत नसेल, पण आपला रुपया कोठे गेला हे विचारता येते. ज्या संघटनेत हिशेब तपासनीस सर्वसाधारण सभेने वेगळा निवडलेला असतो, तेथे अध्यक्षाला गैर वागणे अवघड जाते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाड्यात येण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम करीत होते. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. पुढे ज्या स्टेट काँग्रेसचे त्यांनी नेतृत्व केले तिने मागितलेली जबाबदार राज्यपद्धती विधानसभेपर्यंत आली. तिचा पुढचा हप्ता गावचावडीत आणि नगरपालिकेत अजून यायचा आहे. कारभारी लोकांनी निवडला की काम संपले असे नाही. त्याला निवडण्याचा नियम त्याच्या हातात नसावा, आणि त्याचा हिशेब तपासणारा त्याच्या ताटाखालचे मांजर नसावा. पुढच्या ग्रामसभेत सरपंच कोण, या प्रश्नाबरोबरच हिशेब कोणी तपासला, हाही प्रश्न आपल्यापैकी कोणी तरी उठून विचारावा. तो विचारायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.